डोपामिनविषयक जनुकीय भिन्नता, प्रेरणा आणि बोधात्मक नियंत्रण : सातारा–सांगलीच्या शैक्षणिक संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

एकाच वर्गात बसून एकच अभ्यासक्रम शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक जण नेटाने अभ्यासाला लागतो आणि दुसरा पहिल्या चाचणीनंतरच मागे पडतो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. त्याचे स्पष्टीकरण देताना 'मुळात ओढच नाही', 'ते रक्तातच असावे लागते' अशी वाक्ये प्राध्यापक-कक्षात सहज उच्चारली जातात. गेल्या तीन दशकांत या जुन्या समजुतीला शास्त्रीय पेहराव लाभला आहे. रक्ताच्या जागी जनुक आले असून त्याच्या जोडीला डोपामिन हे नाव आले आहे. लाळेच्या नमुन्यावरून मुलाची एकाग्रता, चिकाटी व कल सांगण्याचे आश्वासन देणाऱ्या चाचण्याही बाजारात उपलब्ध आहेत.

डोपामिनशी निगडित जनुकांतील फरकांचा माणसाच्या प्रेरणेशी व बोधात्मक नियंत्रणाशी कोणता संबंध आहे, तो किती बळकट आहे आणि अध्यापकाने त्यातून काय घ्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. बोधात्मक नियंत्रण म्हणजे समोरचे आकर्षण बाजूला सारून ठरविलेल्या कामावर मन टिकविण्याची आणि गरज पडताच विचाराची दिशा बदलण्याची क्षमता होय. या चर्चेसाठी सातारा व सांगली हा परिसर निवडण्यास कारण आहे. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 'जन्मावरून स्वभाव ठरतो' या कल्पनेचे कायद्यात रूपांतर झालेले या भूमीने पाहिले आहे आणि त्या कल्पनेला छेद देणारे शैक्षणिक कार्यही येथेच उभे राहिले आहे.

डोपामिनचे कार्य

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांपैकी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख भरतात. त्यांचे तंतू मात्र मेंदूच्या फार मोठ्या भागात पसरलेले असतात. डोपामिन हे स्वतंत्र चेतापारेषक द्रव्य आहे, हे स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. त्यांनी सशांना रेसर्पिन हे औषध दिले असता ते निश्चल झाले आणि डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. हे रेसर्पिन आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीपासून मिळते, ही जाता जाता नोंदविण्याजोगी बाब. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

डोपामिनला 'सुखाचे रसायन' म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदरांच्या तोंडात गोड पदार्थ घातला असता त्यांनी तो आवडल्याची चिन्हे दाखविली, परंतु तो मिळविण्यासाठी ती जागची हलली नाहीत. आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या असून डोपामिनचा संबंध प्रामुख्याने दुसरीशी आहे. जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगांनी यात भर घातली. डोपामिनचे कार्य मंदावलेला उंदीर अडथळा ओलांडून मिळणारे भरपूर अन्न सोडून विनासायास मिळणाऱ्या थोड्या अन्नाकडे वळतो. त्याची भूक तीच असते. श्रम घेण्याची तयारी घटलेली असते.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले काम अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्याच्या डोपामिन-पेशी उत्तेजित होत. रसापूर्वी दर वेळी एक खूण दाखविली जाऊ लागल्यावर काही काळाने त्या पेशी रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली गेली. म्हणजे या पेशी बक्षिसाची नोंद करीत नसून अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातील तफावत मोजतात. दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, याचा हिशेब मेंदू असा सतत ठेवीत असतो.

जनुकांतील फरक

डोपामिनच्या या व्यवस्थेतील प्रथिने जनुकांच्या आराखड्यानुसार बनतात आणि या जनुकांची रूपे माणसागणिक थोडी वेगळी असतात. सर्वाधिक अभ्यास झालेले जनुक 'कॉम्ट' या नावाने ओळखले जाते. ते बाविसाव्या गुणसूत्रावर असून त्यापासून तयार होणारे विकर डोपामिनचे विघटन करते. या विकराच्या साखळीत १५८ व्या स्थानी काहींमध्ये व्हॅलिन, तर काहींमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. व्हॅलिनयुक्त विकर अधिक वेगाने काम करते. त्यामुळे डोपामिन लवकर नाहीसे होते. मेंदूच्या अन्य भागांत वापरलेले डोपामिन पेशीत परत ओढून घेणारी यंत्रणा मुबलक असते. कपाळामागील प्रीफ्रंटल भागात ती विरळ असल्याने तेथे या विकराचे महत्त्व वाढते आणि बोधात्मक नियंत्रणाचे मुख्य केंद्र तोच भाग आहे. ही दोन्ही रूपे भारतीय लोकसंख्येत सर्रास आढळतात. त्यांपैकी कोणतेही विकृत किंवा दुर्मीळ नाही.

यावरून मेथिओनिनचे रूप चांगले आणि व्हॅलिनचे वाईट, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. व्यंकट मट्टे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोपामिनचा प्रभाव वाढविणारे अँफेटामिन दिल्यावर व्हॅलिन-रूपाच्या व्यक्तींचे प्रीफ्रंटल कार्य सुधारले; मेथिओनिन-रूपाच्या व्यक्तींची कामगिरी मात्र अवघड कार्यात घसरली. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी कमी पडले तर ऊस वाळतो आणि पाटाचे पाणी वर्षानुवर्षे अमर्याद सोडले तर जमीन क्षारपड होते. वाळवा, मिरज, पलूस भागांतील शेतजमिनींनी ही किंमत मोजली आहे. प्रीफ्रंटल भागातील डोपामिनचेही असेच आहे. मध्यम प्रमाणात ते उपयुक्त ठरते, दोन्ही टोकांना अपायकारक. शिवाय ताणाखाली हे प्रमाण बदलते. त्यामुळे शांत वातावरणात लाभदायक ठरणारे रूप परीक्षेच्या दडपणाखालीही तसेच लाभदायक राहील, याची खात्री नसते.

दुसरे जनुक 'डीआरडी-४' हे अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात ४८ घटकांचा एक तुकडा काही वेळा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांत तो चार वेळा आणि काहींत सात वेळा असतो. सातपट रूपाचे प्रमाण पूर्व आशियात अत्यल्प, तर दक्षिण अमेरिकेतील काही मूलनिवासी समाजांत फार मोठे आहे. १९९६ मध्ये या रूपाचा संबंध नावीन्याच्या ओढीशी जोडला गेला आणि 'साहसाचे जनुक' म्हणून त्याला अमाप प्रसिद्धी मिळाली. तिसरा फरक 'डीआरडी-२' या ग्राहीच्या नावाने गाजला. मेंदूच्या खोल भागातील ग्राहींच्या कमी संख्येशी त्याचा संबंध सांगितला गेला. तो फरक वस्तुतः शेजारच्या जनुकात आहे, हे २००४ मध्ये लक्षात आले. तिलमान क्लाइन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात अशा व्यक्ती चुकांपासून शिकण्यात मागे पडल्याचे दिसले होते.

दाव्यांचा उतरता आलेख

या क्षेत्राचा पुढील इतिहास संशोधनपद्धतीच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. २००१ मध्ये मायकेल ईगन व सहकाऱ्यांनी विचाराची लवचिकता मोजणाऱ्या चाचणीतील गुणांच्या तफावतीपैकी सुमारे ४ टक्के भाग कॉम्ट जनुकाच्या रूपावरून समजतो, असे मांडले. २००८ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा त्या संबंधातले फारसे काही उरले नाही. डीआरडी-४ आणि नावीन्याची ओढ यांचा संबंधही त्याच वर्षीच्या एकत्रित छाननीत टिकला नाही. छोटे नमुने, एकाच वेळी तपासलेले अनेक संबंध आणि होकारार्थी निष्कर्षांनाच मिळणारी प्रसिद्धी, ही त्यामागील प्रमुख कारणे होत. आपल्या विद्यापीठीय संशोधनातही ती अनोळखी नाहीत.

त्यानंतर संशोधकांनी संपूर्ण जनुकसंच तपासण्याचा मार्ग स्वीकारला. अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकाराचा २०,००० हून अधिक रुग्णांचा समावेश असलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातील १२ स्थाने महत्त्वाची ठरली. डोपामिनची बहुचर्चित जनुके त्यांत नव्हती. शैक्षणिक प्राप्तीविषयीच्या २०२२ मधील अभ्यासात तर सुमारे ३० लाख व्यक्तींची माहिती वापरली गेली आणि ३,९५२ स्थाने सापडली. या सर्वांचा मिळून काढलेला अंक शिक्षणाच्या वर्षांतील तफावतीपैकी १२ ते १६ टक्के भाग सांगू शकतो. हे प्रमाण दुर्लक्षणीय नाही. परंतु त्या व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या, अन्य वंशांच्या लोकांबाबत या अंकाची अचूकता झपाट्याने घसरते आणि एकाच घरातील भावंडांची तुलना करताच त्याचे बळ बरेच कमी होते. म्हणजे जनुकांचा म्हणून मोजलेल्या परिणामाचा काही भाग प्रत्यक्षात आईवडिलांनी घरात निर्माण केलेल्या वातावरणाचा असतो.

येथे दोन विधानांची गल्लत होऊ नये. प्रेरणा व बोधात्मक नियंत्रण यांत डोपामिनचा वाटा आहे, हे विधान भक्कम पुराव्यावर उभे आहे. अँड्र्यू वेस्टब्रुक व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविल्याप्रमाणे, मेंदूच्या खोल भागातील डोपामिन वाढले की माणूस बौद्धिक श्रमाच्या लाभाला अधिक वजन देतो. मात्र एखाद्या व्यक्तीचे एक जनुक पाहून तिची चिकाटी सांगता येते, या विधानाला आधार उरलेला नाही. जाहिराती पहिल्या विधानाचा पुरावा दाखवून दुसरे विधान विकतात.

तोच शेतकरी, दोन काळ

आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्दार शफीर व जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ऊस उत्पादकाच्या हाती रक्कम एकदम येते. तोडणीपूर्वी हात आखडलेला आणि तोडणीनंतर मोकळा, हे चक्र सातारा–सांगलीतही घरोघरी परिचयाचे आहे. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर चाचणी घेण्यात आली. त्यात तर्कबुद्धीच्या चाचणीबरोबरच बोधात्मक नियंत्रणाची चाचणीही होती. काही शेतकऱ्यांना वाचता येत नसल्याने ती अंकांवर आधारलेली होती. उदाहरणार्थ, '५ ५ ५' असे दिसताच 'पाच' म्हणण्याची ऊर्मी आवरून अंक किती वेळा आला ते, म्हणजे 'तीन', असे सांगावयाचे. तोडणीपूर्वी हेच शेतकरी अधिक सावकाश उत्तरे देत व अधिक चुका करीत. वेगवेगळ्या शेतांची तोडणी वेगवेगळ्या महिन्यांत होत असल्याने हा केवळ ऋतूचा परिणाम मानता येत नाही.

या शोधनिबंधातील प्रयोगशाळेत केलेल्या भागाच्या सांख्यिकीवर नंतर आक्षेप घेतले गेले आणि अमेरिकेत वेतनापूर्वी व वेतनानंतर केलेल्या एका तुलनेत असा फरक आढळला नाही. म्हणून परिणामाच्या आकाराबाबत सावध राहणे योग्य. तथापि या अभ्यासाची रचनाच बोलकी आहे. दोन चाचण्यांच्या दरम्यान त्या शेतकऱ्याचे एकही जनुक बदललेले नव्हते.

परिस्थितीनुसार जनुकाचा अर्थच बदलू शकतो, असे सुचविणारे उदाहरण केनियातील आरियाल पशुपालकांचे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीआरडी-४ चे सातपट रूप असलेले पुरुष भटके जीवन जगणाऱ्या गटात अधिक पोसलेले आढळले आणि गाव करून स्थिरावलेल्या गटात तेच रूप असलेले पुरुष कमी पोसलेले. हे वाचताना माण, आटपाडी, जत येथील मेंढपाळ वाचकांच्या डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे, पण एका छोट्या अभ्यासाचा धागा पकडून येथील समाजाविषयी काही ठरविणे सर्वथा गैर होय. लक्षात घ्यावयाचा मुद्दा इतकाच, की 'चांगले जनुक' हा शब्दप्रयोग परिस्थितीचा उल्लेख केल्याशिवाय अपुरा राहतो. शाळूचे एकच बियाणे नदीकाठच्या काळ्या रानात आणि माणच्या मुरमाड माळावर पेरले, तर दोन्हीकडील उताऱ्यातील फरक बियाण्याचा म्हणता येत नाही. एकाच रानातील दोन ताटांतील फरक मात्र बियाण्याचा असू शकतो. आनुवंशिकतेची टक्केवारी ही नेहमी त्या एका रानापुरती असते, हे विसरल्यामुळेच पुष्कळ गैरसमज झाले आहेत.

जन्माचा शिक्का

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे, काही समाजांत गुन्हेगारी पिढीजात उतरते, ही धारणा होती. ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांना नोंदणी व हजेरी सक्तीची झाली. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ मधील 'फकिरा' या कादंबरीत हजेरीचा तो जाच आणि त्याविरुद्धचे बंड आले आहे. अण्णा भाऊंचे शाळेतील शिक्षण अवघे दीड दिवसाचे. त्यांच्या शाळा सोडण्याची नोंद आजच्या परिभाषेत 'प्रेरणेचा अभाव' अशी सहज झाली असती. पुढे त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्ये व पोवाडे लिहिले. दीड दिवसात मुलाची परीक्षा झाली की शाळेची, हा प्रश्न या परिसरातील शिक्षणशास्त्राच्या वर्गात अवश्य विचारला जावा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ती हीच मुले शाळेबाहेर राहत असताना. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' ही पद्धत उच्च शिक्षणात आली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. याच परंपरेत शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या कार्याला वैज्ञानिक प्रयोग म्हणता येणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मधेच शाळा सोडून गेलेल्यांचा हिशेब या गौरवगाथेत येत नाही. तरीही वर वर्णिलेल्या संशोधनाच्या प्रकाशात त्याची रचना पाहणे उपयुक्त ठरते. तेथे श्रम आणि त्याचे फळ यांच्यातील अंतर कमी होते. आज केलेल्या कामाच्या मोबदल्यात उद्याचा वर्ग व संध्याकाळचे जेवण निश्चित होते आणि दिलेला शब्द दागिने मोडूनही पाळला जात होता.

अध्यापनाच्या संदर्भात

हा शब्द पाळण्याचा मुद्दा भावनिक वाटला तरी त्यामागे प्रायोगिक पुरावा आहे. समोरचा गोड पदार्थ न खाता थांबणाऱ्या मुलास दुप्पट देण्याचा प्रयोग सर्वपरिचित आहे; थांबणारे मूल मनोनिग्रही, असा त्याचा अर्थ लावला जाई. सेलेस्ट किड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो थोडा बदलून केला. त्यांनी २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी चांगले रंग व चिकटचित्रे आणून देण्याचे कबूल केले आणि रिकाम्या हाताने परत येऊन क्षमा मागितली. उरलेल्यांना कबूल केल्याप्रमाणे साहित्य दिले. त्यानंतरच्या मुख्य प्रयोगात शब्द पाळलेला पाहणारी मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, शब्द मोडलेला पाहणारी सुमारे ३ मिनिटे. त्या तीन मिनिटांना मनोनिग्रहाचा अभाव म्हणावयाचे की अचूक अंदाज, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कुटुंबातील पहिल्या पिढीचा पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरल्यावर हाती येताना पाहतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याला सत्रान्ती कळतात आणि तपासलेली उत्तरपत्रिका अनेकदा कधीच दिसत नाही. अपेक्षा व प्रत्यक्ष यांतील तफावतीवर चालणाऱ्या मेंदूला शिकण्यासाठी जी माहिती लागते, ती या व्यवस्थेत फार उशिरा पोहोचते. छोट्या लेखी कामाची तपासणी आठवडाभरात करून, काय चुकले ते दाखवून ती परत देणे, हे विभागाच्या पातळीवर विनाखर्च करता येण्यासारखे आहे. साठहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात ते जड जाते, हेही खरे.

राहिला प्रश्न जनुकीय चाचण्यांचा. भारतातील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती 'जीनोम इंडिया' प्रकल्पाद्वारे २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. ती भारतीयांतील जनुकीय विविधतेची सूची आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या चिकाटीचा अंदाज बांधण्याचे ते साधन नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एखादे पालक लाळेच्या चाचणीचा अहवाल घेऊन आले, तर त्यांच्यासमोर बसून तीन गोष्टी पाहाव्यात : अहवालातील निष्कर्ष किती जनुकांवर आधारलेला आहे, ज्यांच्यावर अभ्यास झाला ते लोक कोणत्या देशातील होते आणि त्या जनुकामुळे गुणांत किती टक्के फरक पडतो असे म्हटले आहे. बहुतेक अहवालांत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापलेले नसते. ते नसल्याचे पालकांना दाखवून द्यावे आणि मग त्यांच्या मुलाची हजेरी, घरापासूनचे अंतर, एस. टी.ची वेळ व गेल्या सत्रातील उत्तरपत्रिका यांविषयी बोलणे सुरू करावे.